मंत्र्यांचा सल्लागार मिलिंददादा

मंत्र्यांच्या ऑफिसात फक्त सल्ला देणारा जो एकमेव सल्लागार होता, तो काल गेला.

मिलिंददादा. परळच्या चाळीतला, आमचा शेजारी. वकील.
मी तेव्हा त्याच मंत्र्यांची प्रेस बघायचे, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

सल्लागार आमच्याकडे ढिगाने होते. एक साहेबांच्या मेव्हण्याचा मित्र. एक नुसता जॅकेटचा रंग ठरवायचा.
खरा धंदा सगळ्यांचा एकच. अधिकाऱ्याला फोन लावायचा, "साहेबांनी सांगितलंय."

अशाच एका फोनवर कफ परेडच्या मच्छीमार नगरातले बोंबील वाळवायचे बांबू उखडले गेले. समोरच्या टॉवरमध्ये कुणाला तरी वास यायचा म्हणे.

दुसऱ्या दिवशी कोळणी थेट साहेबांच्या केबिनमध्ये. सुक्या बोंबलांच्या टोपल्यांसकट. एसी फुल्ल.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, ऑर्डर कुणी दिली?
बांबू उखडणारा अधिकारी म्हणाला, "साहेब, तुम्हीच ना?"
साहेबांना पत्ताच नव्हता. जॅकेटवाला खिडकीतून समुद्र बघायला लागला.

दादाने तिथेच सांगितलं, सल्लागारांचे फोन बंद करा. जे बोलायचं ते मीटिंगमध्ये, सचिवांसमोर, मिनिट्समध्ये स्वतःच्या नावानिशी.
वास असह्य झाला होता. साहेब लगेच हो म्हणाले.
बांबू संध्याकाळपर्यंत परत उभे. इतका मोठा रिफॉर्म इतक्या झटपट झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

घरी मात्र वांधे. चाळीत पाणी येईना. काकू म्हणजे त्याची आई म्हणाली, वॉर्ड ऑफिसला एक फोन कर. हा नाही म्हणाला.

"मग तिथे करतोस काय?"
"सल्ला देतो."
"आणि ते ऐकतात?"
"कधी कधी."

काकूने अबोला धरला. दादा सुट्टी टाकून चाळकऱ्यांबरोबर अर्ज घेऊन लाइनीत उभा राहिला. पाणी आलं. उशिरा, पण आलं.

मग नवे मंत्री आले. दादाला काढलं, फोन पुन्हा सुरू. जॅकेटवाला अजून आहे.
दादा हे हसून सांगायचा. पण त्याला लागलं होतं.

काल तो बांबूवाला अधिकारी चाळीत आला. काकूजवळ बसून म्हणाला, "त्या ऑफिसातून मला सगळ्यांचे फोन यायचे. याचा कधीच नाही आला."

काकू म्हणाली, "मला पण नाही यायचा. जेवायला येतोय का, तेवढंसुद्धा कळवायचा नाही."

आणि मग पहिल्यांदा रडली.

नीट जा, दादा. जय भीम.