पक्क्या रंगाची अंडी

आमच्या क्लबात समाजसेवा फार चालायची, म्हणजे फोटो फार निघायचे. वृक्षारोपणाचं रोप दरवर्षी त्याच खड्ड्यात लागायचं, कारण खड्डा आयता होता. अध्यक्षीणबाईंची लेक परदेशात राहायची. तिथल्या बागेत पोरं रंगीत अंडी शोधत असल्याचा व्हिडिओ तिनं पाठवला आणि बाईंनी बेळगावात ईस्टर करायचं ठरवलं. सभासदांत ख्रिस्ती घर एकही नव्हतं. निम्म्या घरांत अंडं शिजत नव्हतं. त्यातल्या एकीनं विचारलं, "अंड्यांच्या जागी लिंबं लपवली तर?" यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली.

कुणी प्लास्टिकची अंडी सुचवली. मी म्हटलं, खरीच हवीत, उकडलेली आणि रंगवलेली. ती जबाबदारी माझी. मला पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हायचं होतं. हसायचं तर हसा, पण तेव्हा मला त्याहून मोठं काही दिसत नव्हतं.

माझं माहेर बेळगावातल्याच वडगावचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर सूत रंगवायचे. साड्यांच्या सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी जांभळे असत, कधी हिरवे. शाळेत पालकसभेला ते आले की मी पाणी प्यायला जायची आणि सभा संपेपर्यंत पीत राहायची. क्लबात मी सांगून ठेवलं होतं की माहेरी साड्यांचा व्यवसाय आहे. ते खोटं नव्हतं, म्हणूनच सांगायला सोपं होतं.

दोनशे अंडी घेऊन मी वडगावला गेले. आप्पांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती. आधी ते खो खो हसले. "अंड्याला रंग? खुळी झालीत काय गं तुमची माणसं?" मग मात्र त्यांनी जुनं भगुनं काढलं, चूल पेटवली आणि दोन दिवस एकेक अंडं उन्हात धरून रंग बघत बसले. राणी, जांभळा, मोरपंखी. एकाहून एक सुरेख. "माझ्या हातचा रंग आजवर उतरला न्हाय," ते म्हणाले. आमच्या घरात रंग म्हणजे साडीचा रंग. खायचा रंग निराळा असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि चार बुकं शिकलेल्या माझ्याही नाही.

"पोरं कशी शोधत्यात ते बघाय येतो," ते म्हणाले. मी म्हटलं, ऊन फार असतं, कशाला? तरी ते आले. अध्यक्षीणबाईंच्या कॅम्पातल्या बंगल्याच्या फाटकाशी, गाड्यांच्या ड्रायव्हरांजवळ, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून उभे होते. मी डोळ्यांनीच खुणावलं, तिथंच थांबा. ते थांबले.

फोटोसाठी निपाणीहून विडीकामगार बायांची पोरं बसनं आणली होती. त्यांना क्लबाचे पांढरे टी-शर्ट घातले. आमच्या सभासदांची पोरंही पांढऱ्यातच, मुलींचे नवे सुती फ्रॉक. जास्वंदीच्या झुडपांत, कुंड्यांमागं अंडी लपवलेली. शिट्टी वाजली. पाच मिनिटांत घामेजल्या हातांना रंग लागला, आणि हात कपड्यांना पुसले गेले.

सभासदांची पोरं अंडी टोपलीत गोळा करत होती. निपाणीच्या पोरांनी ती सोलून खाल्ली. पहाटेपासून ती बसमध्ये होती, आणि अंडं त्यांना अंडंच वाटलं. एकीनं जीभ काढून दाखवली, ती मोरपंखी झाली होती. आमच्यातल्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालायला लावून सगळ्या पोरांना जास्वंदीपाशी ओकायला लावलं. कुणाला काही झालं नाही, पण हे नंतर कळलं. त्या वेळी पोरं वाकून रडत होती आणि बाया फ्रॉकसाठी हळहळत होत्या.

आप्पा कधी आत आले मला कळलं नाही. एका पोराच्या टी-शर्टाचा कोपरा दोन बोटांत धरून ते उन्हात बघत होते. "अंड्यावर बसला न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले, "पर सुतावर लई ग्वाड बसलाय. ह्यो आता जायाचा न्हाय."

"हा माणूस कोण?" अध्यक्षीणबाईंनी मला विचारलं.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "रंगारी आहे. खायचा रंग घाल म्हणून शंभरदा बजावलं होतं मी. या लोकांना काही कळतच नाही."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. टोपी काढून हातात घेतली. "व्हय मॅडम," ते मला म्हणाले, "चुकलं माजं." वॉचमन त्यांना फाटकापर्यंत घालवून आला.

पुढच्या वर्षी मी सेक्रेटरी झाले.

त्यानंतर आप्पांनी मला नावानं हाक मारली नाही. सणाला वडगावला गेले की आत वळून भावाच्या बायकोला म्हणायचे, "मॅडम आल्यात, खुर्ची द्या." आवाजात राग नसायचा. पहिल्या वर्षी मी रडले, पाय धरले. "असं काय करता मॅडम, उठा," म्हणाले. दुसऱ्या वर्षी मी भांडले. मग सवय झाली. मनात म्हणायची, म्हातारा कधीतरी दमेल.

गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडायला लागला. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. भाऊ, वहिनी, नातवंडं यांची ओळख अजून आहे. लेकीची आठवण काढतात. पोरगी लई दिवसांत आली नाही, तिला बोलवा, असा हट्ट धरतात, म्हणून वहिनीनं परवा मला फोन केला. अंगावर होती त्या साडीवर मी निघाले.

खुर्ची दिली गेली. मी खुर्चीत न बसता त्यांच्याजवळ जमिनीवर बसले, त्यांचे हात हातात घेतले. आता त्या हातांवर कसलाच रंग नाही. म्हटलं, "आप्पा, मीच आलेय. तुमची लेक."

त्यांनी माझं तोंड निरखलं. मग त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

"न्हाय मॅडम," ते म्हणाले. "माजी लेक मला वळखती."

वहिनीनं चहा आणला, पाहुण्यांच्या कपातून.