वर म्हणजे कुठे?

सांतारावीचा डावा पाय बत्तिसाव्या वर्षी कामातून गेला. तेव्हा तो तोंडात हवेची नळी धरून वीस वाव खोल उतरायचा आणि समुद्रकाकड्या नावाचे तळाशी पडून राहणारे लांबट प्राणी वेचायचा. एक दिवस घाईने वर आला आणि कमरेखालचं अंग बधिर झालं. तीन महिन्यांनी उजवा पाय परत आला, डावा अर्धाच आला. त्याच्या वस्तीत, समुद्रावर जगणाऱ्या बजाऊ लोकांच्या, असे सातजण होते. त्यांतला धडधाकट म्हणावा असा तोच.

तेव्हापासून त्याने पाण्याखालचं काम सोडलं आणि पाण्यावरचं धरलं. लाबुआन बाजो बंदराच्या धक्क्यावरून पाणबुड्या पाहुण्यांना घेऊन जी लाकडी गलबतं निघतात, त्यांतल्या एकावर तो गेली एकोणीस वर्षं रबरी होडी चालवत होता. गलबतावर सगळे त्याला पुआ म्हणत. म्हणजे काका.

होडी चालवणं हे लोकांना वाटतं तेवढं सोपं काम नाही. पाहुणे खडकापाशी पाण्यात उतरले की होडीवाल्याने त्यांचे बुडबुडे पाहत राहायचं. तास-तास. ऊन डोळ्यांवर, डिझेलचा वास नाकात. बिडी पेटवायची तर एक डोळा पाण्यावर ठेवून. बुडबुडे फुटतात तिथे माणूस नसतो, तो पुढे किंवा मागे असतो, कारण पाण्याला ओढ असते. ती ओढ कळली तर होडीवाला, नाहीतर नुसता इंजिनवाला.

त्या फेरीला सहा पाहुणे होते. त्यांत डेन्मार्कचे एक म्हातारे नवरा-बायको होते, टॉर्बेन आणि लिस. दोघं पासष्टीच्या पुढचे. टॉर्बेनने अशा फेऱ्या पुष्कळ केल्या होत्या. लिसची ही पहिलीच. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या चपला टोपलीत गेल्या, आता सहा दिवस अनवाणी, तेव्हाच ती बावरली. वेनी नावाची माउमेरे गावची मुलगी पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जायची. लिसने वेनीला विचारलं, की इथे नक्की काय काय होणार आहे ते एकदा नीट सांग.

वेनी म्हणाली, "पुआला विचार. त्याने माझ्यापेक्षा जास्त फेऱ्या पाहिल्यात."

पुआ दोर गुंडाळत होता. म्हणाला, "सांग तिला. उठायचं, बुडायचं, खायचं, झोपायचं. परत बुडायचं, परत खायचं. तिसऱ्या दिवशी वार कोणता ते विसरायला होतं. अंघोळीला पाणी कमी, भात भरपूर. शेवटच्या दिवशी बुडायचं नाही, कारण नंतर विमानात बसायचं असतं."

"एवढंच?"

"आणि दमायला होतं. फुशारकी मारणारा आधी दमतो."

लिस हसली. त्या दिवसापासून होडीत चढताना ती पुआचाच हात धरायची.

चौथ्या दिवशी सकाळी ते सामुद्रधुनीतल्या एका उभ्या खडकावर गेले. तिथे ओढ फार, म्हणून मासे फार, म्हणून पाहुण्यांना तेच हवं असतं. पाणी दक्षिणेकडून उत्तरेला वाहत होतं. पुआने सगळ्यांना खडकाच्या दक्षिणेला सोडलं. गलबत बरंच लांब, उथळ प्रवाळाच्या पलीकडे उभं होतं. त्याला आत यायला जागाच नव्हती.

पस्तिसाव्या मिनिटाला वेनी वर आली. बरोबर चार डोकी.

"पुआ, म्हातारा-म्हातारी नाहीत!" तिने तोंडातली नळी काढता काढता ओरडून सांगितलं. "खडक धरून होते. मी मागे वळले तर कुणीच नाही. मिनिटभर शोधलं."

"आधी होडीत ये."

त्याने चौघांना आत ओढलं. वेनी स्वतःच चढली. चौघांना गलबतावर नेऊन उतरवण्यात पाच मिनिटं गेली, पण भरल्या होडीने शोध घेता येत नाही. तेवढ्यात गलबताच्या छपरावरून कॅप्टन हार्सोनोचा आवाज वायरलेसवर आला. कॅप्टन जावाचा. अडतीस वर्षांचा, परवाना पक्का, या पाण्यात मात्र पहिलाच हंगाम.

"दिसले! केशरी नळी दिसली! वर आहेत पुआ, वर! लवकर!"

पाहुण्याला वाट चुकली की तो हवा भरून केशरी नळी उभी करतो. ती दिसली म्हणजे माणूस पाण्यावर आहे. पुआने इंजिन पूर्ण उघडलं आणि होडी वर घातली.

वर म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे. दक्षिणेला. त्याच्या वस्तीत लहान पोरालाही ते सांगावं लागत नाही. एकदा मनात आलं, की ओढीतला माणूस वर कसा जाईल? पण खडकाच्या आडोशाला उलटी ओढ असते, ती कधी कधी माणसाला मागे नेते. आणि कॅप्टनने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने मनातलं बाजूला सारलं.

सात मिनिटं होडी लाटा फोडत गेली. वेनी पुढे दोर धरून उभी होती. केशरी काही नाही.

वायरलेस खरखरला. "पुआ, कुठे चाललात? वर म्हणालो ना मी!"

"वरच चाललोय."

"अहो खाली चाललायत! उलट्या दिशेला!"

पुआने इंजिन मंद केलं. "कॅप्टन, तुमचं वर म्हणजे कुठलं?"

"उत्तर! नकाशात वर असतं ते!"

"अरे देवा," वेनी म्हणाली.

"आता दिसतायत का?" पुआने विचारलं.

"नाहीत. चार मिनिटं झाली. नजरेतून गेले."

पुआने होडी वळवली. सात मिनिटं जाण्यात गेली, सात येण्यात जाणार. एवढ्या वेळात ही ओढ माणसाला मैलाहून लांब नेते.

खडकापाशी पोचल्यावर त्याने इंजिन बंदच केलं.

"काय करताय?" वेनी ओरडली. "चला ना!"

"कुठे चला?"

"पुढे उत्तरेला बेट आहे ना, त्याच्या उजव्या बाजूला उघडा समुद्र आहे. तिकडे गेले असतील तर संपलं. आधी तिकडे बघू या."

"गप्प बस पोरी. एक मिनिट."

त्याने होडी पाण्यावर सोडून दिली. वारा पडलेला होता, म्हणजे होडीला नेत होतं ते फक्त पाणी. होडी हळूच तिरपी झाली, मग सरळ झाली आणि फेसाच्या एका पट्ट्याला लागली. पट्ट्यात नारळाची सालं होती, पानं होती, एक फाटकी टोपली होती. पट्टा बेटाच्या डावीकडे वळत होता.

"डावीकडे," पुआ म्हणाला.

"नक्की?"

"भीती वाटते म्हणून उजवीकडे जायचं नाही. टोपली कुठे चाललीय बघ."

त्याने दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि पट्ट्याच्या कडेने होडी घातली. मध्ये घातली असती तर लाटेआड माणूस चिरडायची भीती. वेनी डावीकडे बघत होती, तो उजवीकडे. तीन मिनिटं. चार. वळसा घातल्यावर बेट मागे पडलं आणि पाण्याचा रंग बदलला.

"पुआ!"

लाटेच्या मागे केशरी टोक. बुडालं, परत उभं राहिलं.

तो सावकाश गेला. अशा वेळी घाई करणारा होडीवाला माणूस वाचवता वाचवता पंख्याखाली घेतो. इंजिन बंद करून त्याने होडी आपोआप त्यांच्यापर्यंत जाऊ दिली. टॉर्बेनने स्वतःचा पट्टा लिसच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता. दोघांची जाकिटं फुगलेली, तोंडं वर, ओठ निळसर. टॉर्बेन हात हलवत होता. लिस हलवत नव्हती, पण तिचे डोळे उघडे होते आणि ती पुआकडेच बघत होती.

आधी कमरेची वजनं वर. मग हवेची टाकी. मग माणूस. हा क्रम सोडला की पाठ मोडते, उचलणाऱ्याचीही आणि उचललेल्याचीही. पुआने लिसला काखेत धरलं, होडी एकदा खाली जाऊ दिली आणि लाटेबरोबर तिला आत घेतलं. टॉर्बेनला दोघांनी मिळून ओढलं. तो भारी होता.

लिस होडीच्या तळाशी बसली आणि काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, आमचं काही चुकलं का," वेनीने सांगितलं.

"नाही म्हणावं. नळी उभी केली, एकमेकांना सोडलं नाही, पोहत सुटले नाहीत. सगळं बरोबर केलं. चूक वर झाली."

वेनी आधी हसली आणि मग एकदम रडायला लागली. लिसने तिच्या पाठीवर हात ठेवला. बुडता बुडता वाचलेली बाई वाचवणारीची समजूत काढत होती. पुआने वायरलेस उचलला. "कॅप्टन, दोघंही मिळाले. बोलतायत. गरम पाणी ठेवा." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

गलबतावर दोघांना तासभर प्राणवायू दिला, मग गरम भात आणि तळलेली केळी. पुआ मागे टाक्यांच्या रांगेपाशी बसला होता. काडेपेटी भिजली होती. बिडी पेटेना. कॅप्टन आला आणि त्याने पेटवून दिली.

"चूक माझी, पुआ."

"अर्धीही नाही. ओढीतला माणूस वर जात नाही, हे मला माहीत होतं. तरी गेलो. माहीत असून गेलो ती चूक तुमच्या चुकीपेक्षा मोठी."

"तुमचं वर रोज तेच असतं का?"

"दिवसातून चारदा बदलतं. भरती-ओहोटी बदलली की बदलतं."

कॅप्टनने कपाळाला हात लावला. "आणि मी दोन महिने तुम्हाला वर-खाली सांगतोय!"

"मला वाटायचं, जावाची माणसं जरा वेंधळी असतात."

"आणि मला वाटायचं, पुआला कमी ऐकू येतं."

दोघंही हसले. नको तेवढे हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग कॅप्टनने एक पाटी लिहून वायरलेसशेजारी टांगली. वर आणि खाली हे शब्द आजपासून बंद. बेटाचं नाव घ्यायचं, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवल्याशिवाय होडी हलवायची नाही. पुआने ती वेनीकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाला, "बरोबर आहे."

दुपारी गलबत एका बंद खाडीत नांगरलं. प्राणवायू घेतलेल्याने त्या दिवशी बुडायचं नसतं. म्हणून डेन्मार्कचे दोघं वरच राहिले, बाकीचे चौघं वेनीबरोबर उतरले. लिसने होडीत बसायचा हट्ट धरला. पुआच्या शेजारी बसून ती बुडबुडे बघत राहिली.

खाडीत ओढ नव्हती. बुडबुडे सरळ वर येत होते, एकाच जागी, एकामागून एक. लिसने बोटाने ते दाखवले.

"हो," पुआ म्हणाला. "इथेच आहेत सगळे."

तिला शब्द कळले नाहीत. पण तिने पाय लांब केले आणि टोपी तोंडावर ओढली. थोड्या वेळाने ती घोरायला लागली. पुआने तिला जागं केलं नाही. इंजिनही सुरू केलं नाही.