माकणीच्या गाडीतला डबा

आधीच सांगते, या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटतात. तोच पिंपळ, तीच पांढरी साडी, तोच मित्राच्या मित्राला आलेला अनुभव... भुतांना दुसरे उद्योग नाहीत का? मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय. प्रयोगशाळेत जे सापडत नाही ते नसतंच, असं मानणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय, कारण दोन वर्षं झाली आणि ते डोक्यातून जात नाही.

मी कळंबची. धाराशिवला विद्यापीठाच्या विभागात शिकत होते. सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त, असं गावाकडं समजतात. फी कमी असते हो, पण परीक्षेचा फॉर्म, जर्नल, खोलीचं भाडं आणि वर मेस! आमच्या मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी, आणि त्या पाण्याचे महिन्याला तीन हजार. म्हणून आमच्यातली बरीच पोरं एसटीच्या डब्यावर शिकायची. आई सकाळच्या गाडीत डबा देते, कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागं ठेवतो, पोरं स्टँडवर येऊन आपापली पिशवी उचलतात. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत.

माझी रूममेट कोमल, लोहारा तालुक्यातल्या माकणीची. तिचा तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर आईचं नाव कोरलेलं. शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा दिवाळीत तिची आई गेली. घरात उरले आबा, म्हणजे तिचे वडील, आणि मोठा भाऊ. तेरावं झालं आणि कुजबुज सुरू — आता भाकरी कोण थापणार? पोरीनं शिक्षण सोडून घरी यावं. दोन धडधाकट बाप्ये! ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडतात, पण पिठात पाणी घालता येत नाही. कोमल सामान न्यायलाच आली होती. मी म्हटलं, "गेलीस तर तुझं तोंड बघणार नाही." ती म्हणाली, "अगं, डबा बंद झाला. इथं राहून खाऊ काय? मेसला पैसे कुठनं आणू?"

सामान बांधता बांधता तिसऱ्या दिवशी ती सवयीनं स्टँडवर गेली, आणि माकणीच्या गाडीत डबा होता. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मीठ कमी — आईला बीपीचा त्रास होता, त्यामुळं त्यांच्याकडं तशीच सवय. कोमल रडत रडत जेवली. "आबा शिकले गं करायला," म्हणाली.

"उपकारच केले," मी म्हटलं.

त्यानंतर रोज डबा. घरी बोलावणं नाही, काही नाही. फोनवर बाप-लेकीचं ठरलेलं बोलणं. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "जेवलो की." संपलं! आमच्याकडं याच्यापुढं कुणी बोलतच नाही, जीभ झिजते जणू.

परीक्षा तोंडावर आलेली. एका शनिवारी मी लोहाऱ्याला मावशीकडं निघाले. कोमल जर्नल पुरं करत बसली होती, म्हणून रिकामा डबा मीच घासला, फडक्यानं पुसला, कडी लावली. "माकणीवरनं जा, आबांच्या हातात दे," ती म्हणाली. मला तर बरंच झालं. त्या माणसाला तोंडावर चार शब्द सुनवायचे होतेच. दुपारच्या गाडीत बसले, पिशवी सगळा वेळ मांडीवर. झोपले नाही, मधे कुठं उतरले नाही.

कळवल्याप्रमाणे आबा स्टॉपवर उभे होते. पिशवी घेत म्हणाले, "कोमलला म्हणावं, परीक्षा हाय तर एवढा खटाटोप करू नगंस. आमी भागवू कसंतरी."

"कसला खटाटोप?"

"आगं, ह्यो डबा. अभ्यास करून रोज आमा दोघांचं बी करून पाठवती. सांजच्याला डबा येतोय म्हणून तर म्या तिला माघारी बोलावली न्हाय. आमी काय, रिकामा इसळून सकाळच्या गाडीत ठिवतो."

म्हातारा चळला, असंच वाटलं मला. "काका, तो तर रिकामाच —"

तेवढ्यात त्यांनी कडी काढली. वाफ आली. भाकऱ्या, वांग्याची भाजी, चटणी. "हाताला आईचीच चव हाय पोरीच्या," म्हणाले.

मी घासलेला डबा होता तो! माझ्या मांडीवर होता! भीती वाटली — लिहायला लाज वाटते, पण वाटली. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की खरं सांगितलं तर हा माणूस उद्या कोमलला घरी घेऊन जाईल. मग मी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. "व्हय काका, पहाटे चारला उठून करती ती. तुम्हाला मात्र बसल्या जागी मिळतंय."

त्यांनी मान खाली घातली.

कोमललाही मी काही बोलले नाही. ती शेवटच्या पेपरपर्यंत त्या डब्यावर जेवली. मी एक घास घेतला नाही, हिंमतच झाली नाही.

परीक्षा संपल्यावर ती डबा घेऊन घरी गेली. आबा म्हणाले, "कर रोजच्यासारख्या भाकरी." कोमलला भाकरी येते कुठं! पहिलीचे तव्यावरच तीन तुकडे झाले. आबा त्या तुकड्यांकडं बघत बसले. मग विचारलं, "मग डबा कोण करत होतं?"

"तुमीच की," ती म्हणाली.

हे तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी माझं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर आबा चुलीपुढं बसलेले, परातीत पीठ, कोपरापर्यंत हात भरलेले. "तू पुढं शीक," एवढंच म्हणाले. एवढं कळायला या माणसाला केवढं घडावं लागलं!

मी कंडक्टरला विचारलं, कोमलच्या शेजारणींना विचारलं. आई गेल्यापासून घरच्या फडताळात पडून असलेला डबा पहिल्या दिवशी गाडीत कुणी ठेवला, माझ्या मांडीवरचा कुणी भरला... कुणाला माहीत नाही, मलाही नाही. आणि कृपा करून खाली 'आईची माया' वगैरे लिहून हात जोडलेले इमोजी टाकू नका.

कोमल आता इथंच, धाराशिवला, पीएचडी करतेय. डबा अजून माकणीच्या गाडीनं येतो. भाकरी जाड, कडेला करपलेली, आणि भाजीत मीठ इतकं की तांब्याभर पाणी घेऊन बसावं लागतं. हा डबा कोण करतं ते आम्हाला पक्कं माहीत आहे. यातला घास मी मागून खाते.