दाराला लावलेला पांडव

निलंग्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, माझ्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला दगड ठेवला. दोन बॅगा आणि सहा वर्षांची लेक सांभाळताना आधीच जीव मेटाकुटीला आलेला, मी चिडलेच.

"पांडवातला हाय," त्या म्हणाल्या. "चार हितं ऱ्हातील. देवावर रुसलीस तर रुस, पर बोलणं टाकू नगं."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी करतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. आमचे हे गेले ते येळवशीच्या आदल्या दिवशी. पांडव रंगवून झाले, कोप बांधता बांधता छातीत कळ आली आणि तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं. त्या पाचांनी नुसतं बघत बसावं, याचा मला इतका राग आला की पुढे मी कुठेच हात जोडले नाहीत.

पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात लागले. 'लई'चं 'खूप' झालं, भाजी ॲपवरून यायला लागली. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला तो दगड लावला. तीन वर्षं तिथेच धूळ खात पडला. खोटं कशाला बोलू, त्याला तिथे बघून मला बरं वाटायचं.

यंदा आत्यांचा फोन आला. "उद्या येळवस. मी चारच मांडते बघ. पाचव्याची जागा सारवून मोकळी ठिवते दरसाली." आणि लगेच ज्वारीचं बोलायला लागल्या. तक्रार नव्हती. माझा नवरा गेला तसा त्यांचा पोटचा मुलगा गेला होता, हे मी रागाच्या भरात विसरूनच गेले होते. मला माझीच लाज वाटली.

सकाळी रजा टाकली. दगड घासला, पानटपरीवरून चुना आणून रंगवला. लेकीने बाल्कनीत माझ्या जुन्या साडीची कोप बांधली. पालेभाज्या-डाळींची भज्जी केली, ताकातली आंबील केली. पण हात अजून शेतातल्याच मापाचा, पंधरा माणसांचं झालं. आता दोघींनीच कसं जेवणार? तीन वर्षं ज्यांना नुसती मान हलवली, त्या मजल्यावरच्या सगळ्यांची दारं वाजवली. वॉचमनदादा दोनदा आंबील प्यायले.

त्याआधी हात जोडले. काही मागितलं नाही. राग अजून आहे, तोच सांगितला. पण बोलले.

माझ्यासारखे निघून आलेले विचारतात, तुझं घर कुठलं? चार तिकडे, एक इकडे, एवढंच मला सांगता येतं.

पंगत बसायच्या आधी फोन लावला. "आत्या, पाचवा मांडला."

पलीकडे शेतातला वारा वाजत होता. त्या म्हणाल्या, "पाची झाले मग. ज्येव आता."