सुतकातल्या आठवड्याची हवा

बाप गेला त्या दिवशी हवा चांगली होती. हे मी सांगतो तेव्हा घरातली पोरं एकमेकांकडे बघतात, पण मला पहिलं तेच आठवतं, त्याला मी काय करू? मार्गशीर्षाचा अंधारा पंधरवडा होता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता आणि खाडीच्या अंगाचं आमचं सगळं सपाट खाजण पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत लख्ख दिसत होतं. मिठाच्या वाफ्याचा तळ तुडवायला अशी हवा मागून मिळत नाही. बापाने सकाळपासून दुपारपर्यंत तुडवलं, घरी आला, पाय धुतले, ओटीवर आडवा झाला आणि उठलाच नाही. आई जेवायला हाक मारायला गेली तेव्हा त्याचे पाय अजून ओले होते.

मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा. अजून मुंबई राज्य होतं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. पण आगरातलं, म्हणजे मिठागरातलं, काम मला कुणी शिकवायला लागलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तळ तुडवणं म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक असणार? पावसाळा संपला की वाफ्यातला चिखल सारखा करायचा आणि अनवाणी पायांनी, ओळीने, पावलाला पाऊल लावून दाबत जायचं. रोज. चिखल फार ओला असून चालत नाही, सुकला तरी चालत नाही. आठवडेच्या आठवडे तुडवल्यावर तो असा घट्ट होतो की वर पाणी सोडलं तर थेंब खाली जिरत नाही. मग त्यावर मीठ धरतं. एकदा पाणी चढलं की तळ सुरक्षित. पण काम अर्ध्यावर सोडलं तर गेलं. कडक ऊन लागलं की तडे जातात, पाऊस पडला की पुन्हा चिखल. आमचा तळ अर्ध्यावर होता.

वाफे आमचे नव्हते. आगराचा मालक असतो त्याला शिलोत्री म्हणायचे. तो पनवेलात राहायचा. आजोबापासून ते वाफे आमच्या घराकडे, पण तोंडच्या शब्दावर. दुसऱ्या दिवशी त्याचा मुकादम भेटायला आला. टोपी काढली, आईसमोर दोन मिनिटं बसला. निघताना मला अंगणाच्या कडेला घेतलं.

"वाईट झालं रे. पण मला सांगितलंय ते तुझ्या कानावर घालतो. अमावास्येच्या उधाणाला सगळे वाफे भरले पाहिजेत. तुमचे नसतील तर शिलोत्री दुसरं घर बघतील."

"बघू द्या," मी म्हटलं.

असं का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तेव्हा माझ्या तोंडातून जे यायचं ते असंच यायचं, जसं काही दुसऱ्याच कुणाचं तोंड आहे.

अमावास्या बापाच्या दहाव्यालाच येत होती. आणि दहाव्यापर्यंत आमच्या घराने आगरात पाय घालायचा नव्हता. आमच्यात सुतकात जेवण अळणी. जो मीठ खात नाही त्याने मिठाच्या वाफ्यात उतरायचं नाही, असा आमच्या आगराचा रिवाज. चुलता, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, त्याचे वाफे आमच्या शेजारीच होते. त्याचा तळ तयार होऊन वर पाणीही चढलं होतं. पण सुतक त्यालाही होतं, तो आमचं काम करू शकत नव्हता. माझ्या चेहऱ्यावर त्याला काही दिसलं असावं. म्हणाला, "उतरू नको रं. उतरशील तं मीठ धरनार नाय, नि दाव्याला बापाच्या घासाला कावला शिवनार नाय. मंग रडत बसशील."

रडण्याचं मात्र काही नव्हतं. मला रडू येत नव्हतं. बाया येऊन रडून जात होत्या, मी बांधावर जाऊन बसत होतो. गावातली बाकीची घरं आपापल्या तळात गुंतली होती, आणि मी काही कुणाच्या दारात जाऊन आमच्या वाफ्यात पाय मारा म्हणून सांगणार नव्हतो.

बांधावर बसून हवा बघायची, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. दक्षिणेकडून दमट, कोमट हवा यायला लागली, जशी वैशाखात येते. तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं. संध्याकाळी बारीक पाऊस आला, धूळ बसेल इतका. चुलता दारातून म्हणाला, "जातोय तुजा तल." मी "हं" म्हटलं. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा उत्तरेचा वारा आणि असं कडक ऊन की पावसाने ओली झालेली माती कडेने सुकायला लागली. आता तडे जाणार हे मला दिसत होतं. बोटभर लांबीचा एक गेलाही. मी त्याच्याकडे बघत बसलो. आत काही हललं असं वाटलं नाही.

तेवढ्यात बांधावरून माझी बहीण आली. माझ्यापेक्षा मोठी. तिला खाडीपलीकडे मोऱ्याच्या बाजूला दिलेली, बाप गेला त्या दिवशी नवऱ्याबरोबर आलेली. तिने लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचला होता आणि केस ओले होते. मागे तिचा नवरा, आमचे भावोजी, धोतर आवरत.

"कुटं चाललीस, बाय?"

"आंगोल झाली माजी. सुतक फिटलं." ती पायातले वाळे काढून बांधावर ठेवायला लागली. "लेकीला तीन दिस. तुमाला दा."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण आमच्यात बाया मिठाच्या पाट्या वाहतात, बांधाला माती घालतात. तळ तुडवतात ते बापे. त्यामुळे डोकं तिकडे गेलंच नाही.

"बाया तळात उतरत नाहीत," मी म्हटलं.

"मंग बापे कुटं हायत? एक मेला नि एक बांधावर बसलाय."

"तू परक्या घरची आता."

"म्हनून तं चालतंय." ती वाफ्यात उतरली. "ह्याच घरची ऱ्हायले असते तं तुज्या बाजूला बसले असते, ढिम्म."

तडा गेला होता तिथे तिने आधी खाडीचं पाणी हाताने शिंपडलं आणि पायाने दाबत गेली. भावोजी भातशेतीवाले. चिखलात चालायची त्यांना सवय, पण तुडवायची नाही. ते दोन्ही पाय एकदम उचलत होते.

"नाचताव काय?" ती ओरडली. "हलदीला आलाव?"

"मना काय म्हाईत? तुज्या बापाने कदी शिकवलं?"

"आधी टाच नको," मी बांधावरून म्हटलं. "चवडा टाका, मग टाच. आणि ओळ सोडू नका."

बहिणीने कमरेवर हात ठेवले. "बोलायला सुतक लागत नाय वाटतं?"

भावोजी हसले. थोड्या वेळाने पुन्हा बोललोच, कारण ते ओळ सोडत होते.

असे दोन दिवस गेले. ऊन असेल तेव्हा ते शिंपडून तुडवायचे, माती सुकायच्या आत जेवढं होईल तेवढं. मी सकाळी बांधावर जायचो ते दिवस मावळेपर्यंत. चुलता येऊन बघून गेला आणि घरी जाऊन म्हणाला म्हणे की पोरगी बापावर गेलीय. हे मला आईने सांगितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा आभाळ आलं, आणि या वेळी थेंब मोठे होते. वाफ्यात पाणी साचायला लागलं. भावोजी कडेला चर पाडायला लागले, बहीण हाताने पाणी त्या चराकडे लोटत होती. दोघांना पुरत नव्हतं. मी उठून उभा राहिलो. माझा एक पाय बांधाच्या उतारावर होता, वितभर खाली चिखल. तिने वर बघितलं.

"उतर नको," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बापाचं तुजं एकच काम ऱ्हायलंय, दाव्याचं. तेवडं तरी नीट कर. ह्ये मी करतंय."

मी पाय वर घेतला. पाऊस अंगावर घेत उभा राहिलो. इरलं घरी होतं, आणायला जावं असं वाटलं नाही. दोन तासांनी पाऊस थांबला तेव्हा वाफ्याची एक बाजू पार चिखल झाली होती. ती बाजू पुन्हा पहिल्यापासून.

सातव्या दिवशी सकाळी धुकं. आमच्याकडे असं धुकं क्वचित. समोरचा वाफाही दिसेना. मी बांधावर बसलो होतो, आणि आतून पावलांचा आवाज येत होता, चप्, चप्, ओळीने. आवाजावरून मला कळत होतं कोण कुठे आहे. बहिणीचं डावं पाऊल उजव्यापेक्षा जड पडत होतं. बापाचंही तसंच पडायचं, पण हे मला तेव्हा ऐकून कळलं, आधी कधी लक्षात आलं नव्हतं. ऐकत होतो, एवढंच. थंडी इतकी होती की बांधावर ठेवलेले माझे पाय माझे आहेत की नाहीत ते कळत नव्हतं, आणि बाकीच्या मलाही तसंच काहीसं झालं होतं म्हणायला हरकत नाही.

धुकं विरल्यावर हवा एकदम स्थिरावली. उरलेल्या दिवसांत ना ऊन फार, ना ढग. ते दोघं तुडवत राहिले. बहिणीच्या टाचा खारट चिखलाने फुटल्या होत्या, संध्याकाळी ती त्यांना खोबरेल तेल चोळायची आणि भावोजींना म्हणायची, "तुमचं घर काय म्हनंल, बायको मिठात मुरवून आनली." त्या सुतकाच्या घरात तेवढंच काय ते हसणं.

दहाव्याला सकाळी खाडीवर माझं डोकं भादरलं. पिंड ठेवला. कावळा पहिल्याच हाकेला आला, आणि चुलत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. घरी न जाता मी तसाच ओल्या धोतराने आगरावर गेलो. मुकादम आधीच येऊन वाफ्यात टाच मारून बघत होता. एकदा मारली, दुसरीकडे मारली, पावसाने गेलेल्या बाजूला तीनदा मारली.

"भर," तो म्हणाला, आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.

दुपारी अमावास्येचं उधाण चढलं. मी उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी उचलली. पाणी आधी तापवणीत, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, शिरलं, तिथून पाटाने वाफ्यात. बहीण आणि भावोजी त्याच भरतीला होडीने निघणार होते. तिने पाटात पाय धुतले, वाळे घातले.

"जातंय रं," ती म्हणाली.

"हं," मी म्हटलं. ती थांबली नाही. पुढे आयुष्यभर आमच्या दोघांत त्या दहा दिवसांवर शब्द निघाला नाही, आणि तिलाही तो नको होता असं मी समजतो.

मी वाफ्याच्या कडेला एक काठी रोवली, पाणी कुठवर आहे तिथे नखाने खूण केली आणि बसलो. तळ कच्चा असला तर पहिल्याच दिवशी पाणी उतरतं. ऊन कललं, उत्तरेचा वारा पुन्हा सुटला, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठायला लागल्या. पाणी खुणेवरून हललं नाही. अंधार पडायच्या आत मी घरी आलो.

आई चुलीपुढे होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"पानी उतरलं काय रं?"

"नाय."

"मंग बस जेवायला."

मी बसलो आणि जेवलो.