हो न म्हणणारी ताई

पाहायला आलेल्या माणसांशी ताई कधी खोटं बोलली नाही. "पोहे हिनेच केलेत," असं तिची आई, म्हणजे आमच्या काकी, म्हणाल्या की ती शांतपणे सांगायची, "नाही, आईने केलेत. मी फक्त लिंबू पिळलं." मग सगळे पंख्याकडे बघत बसायचे.

मुलुंडला आमच्या खालच्या मजल्यावर ती आईवडिलांबरोबर राहायची आणि मला इंग्रजी शिकवायची. मी फारशी बोलत नसे. तिला ते चालायचं. शाळेत आम्हाला एक जुनी इंग्रजी शोकांतिका होती. वर्गाला ती प्रेमकथा वाटायची. ताई मात्र मुलीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरतं तिथेच थांबायची. "इथे बघ. बाप ओरडतो, आई तोंड फिरवते, आणि जिने वाढवलं ती दाई म्हणते, हाच बरा, कर. घरातली एक बाई उभी राहिली असती, तर मरायची वेळ आली असती का गं?"

"पेपरात असं लिहू?"

"लिही ना. मार्क गेले तर माझ्या नावावर."

तिच्या ऑफिसात घाटकोपरचा एकजण होता, बौद्ध घरातला. काका मालवणकडचे. त्याचं आडनाव ऐकून ते ताटावरून उठले होते. "मी मरणार नाही, पळणार नाही आणि दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही," ताई मला म्हणाली. "आईने एकदा माझ्या बाजूने बाबांना सांगावं. तोपर्यंत थांबते." काकी मात्र दर वेळी पाहुण्यांसाठी कांदा चिरायला बसायच्या. तोही काही वर्षं थांबला. मग त्याने लग्न केलं.

त्यानंतर एका रविवारी मी पुस्तक परत द्यायला गेले. पाहुणे यायचे होते. काकींनी अचानक गॅस बंद केला आणि बाहेर येऊन काकांना म्हणाल्या, "तेंका फोन करून सांगा, येव नकात. चेडवाक नको आसा. आता पुरे."

मला वाटलं, मुलीला नको आहे हे ऐकून काका ओरडतील. त्यांनी चष्मा शोधला आणि फोन लावला.

ताई दारात उभी होती. "एवढंच होतं, आई?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. काकी रडायला लागल्या. ताईने त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "तू जा गं आता."

काका पुढे वारले. दोघी अजून तिथेच राहतात. एकमेकींची औषधं सांभाळतात, एका सोफ्यावर बसून टीव्ही बघतात. मी गेले की दोघी भरभरून बोलतात, पण माझ्याशी. आळीपाळीने.