चोरून घातलेलं पाणी

मी मलकापूरकडची. माहेरी उसाला पाटाचं पाणी. पाणी देणं म्हणजे बांधावर उभं राहून ते शेवटच्या सरीपर्यंत पोचलेलं बघणं, एवढंच मला माहीत. लग्न होऊन आटपाडीच्या पलीकडं या माळावर आले, तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातात झारी दिली आणि सांगितलं, "एका पिशवीला येवढंच." येवढंच म्हणजे अर्धा कप चहाइतकं. मला वाटलं, नव्या सुनेची चेष्टा चाललीय.

आमची रोपवाटिका दहा गुंठ्यांची. चिंच, कडुलिंब, सीताफळ, शेवगा, म्हणजे इथं जगतात तीच झाडं. पिशवीत लाल माती, थोडी वाळू आणि मेंढरांच्या लेंड्यांचं खत. बोअर दिवसातून अर्धा तास पाणी देतं आणि मग नुसतं गुरगुरतं. म्हणून न्हाणीतलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं बादलीत धरायचं. रोप लावून झालं की गिऱ्हाईकानं पिशवी परत आणून द्यायची, हाही आत्यांचाच नियम. हे सगळं मी शिकले. एकच गोष्ट अंगवळणी पडेना. ताण.

इकडं डाळिंबवाले बहार धरायला बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. आत्या तोच ताण रोपांना देतात. रोप द्यायच्या आधी पंधरा दिवस ते सावलीतून काढून उन्हात मांडायचं आणि पाणी कमी कमी करत न्यायचं. दुपारी रोपं मान टाकतात. "टाकू दे," आत्या म्हणतात. "सकाळी बघायचं. सकाळी मान वर हाय न्हवं? मग त्याला काय बी झाल्यालं न्हाई." त्यांचं खरं असतं. पण दुपारपासून सकाळपर्यंत माझं काय होतं, ते कुणी विचारत नाही. भाकरी तव्यावर टाकून मी रोपांकडं धावते, परत येते तोवर भाकरी करपलेली. एका जागी बूड टेकत नाही. "पायाला भिंगरी लागलीया का गं तुज्या?" असं आत्या रोज विचारतात.

गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या मामांनी चिंचेची चाळीस रोपं सांगितली. मामा मेंढपाळ, सत्तरीचे. दरवर्षी त्यांची मेंढरं आमच्या रानात बसतात आणि त्याच लेंड्यांवर आमची रोपं वाढतात. सगळा जन्म कळपामागं फिरण्यात गेलेला. गुडघे चालेनात म्हणून मेंढरं मुलाच्या हवाली केलेली, आणि आता आपल्या तुकड्यात आयुष्यात पहिल्यांदा झाडं लावायची होती. "मेंढरास्नी सावली हुईल," म्हणाले.

त्या चाळीस रोपांना ताण चालू होता. दुपारी आत्या जरा लवंडल्या, की मी तांब्या घेऊन निघायचे. रोज. स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून घालते म्हणजे ही चोरी नव्हे, अशी मनाची समजूतही घातली होती. रोपं काय तरारली! मामा बघतच राहिले. "लय देखणी हायत गं पोरी," म्हणाले, आणि मी दिवसभर फुशारून फिरले.

मामांनी ती नेऊन लावली आणि बारा दिवसांत चाळीसच्या चाळीस वाळली. पावसानं मध्येच दडी मारणं इथं नवं नाही. तहान माहीत असलेलं रोप तेवढे दिवस काढतं, माझ्या लाडावलेल्यांना ते जमलं नाही. मामा पिशव्या परत द्यायला आले. धुतलेल्या, घडी घालून सुतळीनं बांधलेल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट आत्याच फणकारल्या, "तुमच्याच मेंढरांनी तुडवली आसतील."

"न्हाई आक्का," मामा म्हणाले. "माज्या हातालाच गुण न्हाई. मेंढरं राखायचा हात ह्यो."

मी तिथंच उभी होते आणि तोंड उघडलं नाही. आत्यांची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर माझी मलाच लाज वाटली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता वर्ष गेलं.

या आषाढात मुलाबरोबर मामाही मेंढरं बसवायला आले. आत्यांनी चहा दिला आणि आपणहून विचारलं, "रोपं न्हेताय न्हवं आवंदा?"

"नगं. जित्या रोपाचं वाटोळं कशाला? दुसऱ्या कुनाला द्या."

भर दुपार होती. ताणावर टाकलेली रोपं समोर माना टाकून उभी. मी तांब्या भरला, परत हंड्यात ओतला, पुन्हा भरला. शेवटी तांब्या तिथंच ठेवला आणि मामांपुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, गेल्या साली रोपं तुमच्या हातानं न्हाई गेली. मी त्यास्नी चोरून पानी घालत हुते. ताण मीच मोडला."

आता आत्या माझी खरडपट्टी काढणार म्हणून मी अंग चोरलं. पण त्या मामांकडं बघत होत्या. मामांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"आंगुळ झाली की दारातल्या तुळशीला तांब्याभर पानी घालायचो मी," ते म्हणाले. "वरीस झालं, सोडलंय. म्हनलं, आपल्या हातानं तीबी जळाय नगं."

आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग आत्याच बोलल्या, "सकाळी या. मान वर दिसली तर न्ह्या."

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले, तर मामा आधीच येऊन रोपांपुढं उकिडवे बसले होते. सगळ्या रोपांच्या माना वर होत्या.

"उचला की मामा," मी म्हणाले.

त्यांनी आधी धोतराला हात पुसले.